जुन्या मोटारीचे टायमिंग आणि पेट्रोल
टायमिंगला, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेला, हात लावण्यापूर्वी कॉन्टॅक्ट पॉइंटमधले (ठिणगीसाठी वीजप्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांमधले) अंतर नीट करून घ्यावे, कारण ते बदलले की टायमिंगही सरकते. इंजिन गरम झाल्यावर डिस्ट्रिब्युटरला (प्लगांना ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागाला) जोडलेली व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करावे, डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट जेमतेम सैल करावा आणि टायमिंग लाइटच्या (ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याच्या) उजेडात पुलीवरची, खडूने पांढरी केलेली खूण पुस्तिकेत दिलेल्या अंशावर येईपर्यंत डिस्ट्रिब्युटर अगदी केसभर फिरवत राहावा. डिस्ट्रिब्युटर त्याच्या आत फिरणाऱ्या रोटरच्या उलट दिशेने फिरवल्यास ठिणगी लवकर पडते. चढावर इंजिनातून टकटक ऐकू आली, तर ठिणगी १ ते २ अंश उशिरा करावी. या आवाजाकडे कृपया दुर्लक्ष करू नये, त्याने पिस्टन निकामी होतात. कमी कॉम्प्रेशनच्या (पेट्रोल-हवेचे मिश्रण कमी दाबणाऱ्या) इंजिनाची ताकद जास्त ऑक्टेनच्या (टकटक जास्त रोखणाऱ्या) पेट्रोलने वाढत नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलमुळे (एक प्रकारच्या अल्कोहोलमुळे) मात्र जुन्या रबरी नळ्या खराब होतात, असे पेट्रोल भरण्याआधी त्या बदलाव्यात.