कर्ज आधी कुणाला? बचत गटाची बैठक अशी घ्या

गटात दहा ते वीस बाया, सगळ्या ओळखीच्या, काही तर नात्यातल्याच. म्हणूनच कर्जाचा विषय निघाला की बोलणं अवघड होतं. चुलतसासू समोर बसलेली असली की सून तोंड उघडत नाही. मी प्रेरिका, म्हणजे गटांना मार्गदर्शन करणारी कार्यकर्ती, म्हणून गटांच्या बैठकींना बसते. गटात फूट पडते तेव्हा बहुतेक वेळा एकच वाक्य कानावर येतं : "तिला दिलं, मला विचारलंसुद्धा नाही."

आधी बचत आणि परतफेड जमा करा. कोषाध्यक्षांनी नोटा सगळ्यांसमोर मोजाव्यात आणि हातात किती, बँकेत किती, ते मोठ्यानं सांगावं. शिल्लक कळल्याशिवाय एकीचीही मागणी ऐकू नका.

मग फेरी घ्या. प्रत्येकीनं चार गोष्टी सांगायच्या : किती हवेत, कशाला, कोणत्या तारखेपर्यंत आणि फेडणार कशातून. दर बैठकीला फेरी वेगळ्या बाईपासून सुरू करा. अध्यक्ष आणि सचिव शेवटी बोलतील. त्या आधी बोलल्या की बाकीच्या नुसत्या माना डोलावतात. "माझं काही नाही" म्हणणारीलाही विचारा, "वहिनी, पुढच्या महिन्यात काही लागणारंय का?" पुष्कळदा खरी गरज तिथंच कळते.

चारांपैकी तारखेचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. समजा, शिल्लक १८,००० आहे. एकीला बियाणं-खताला १५,००० हवेत, दुसरीला मुलीच्या प्रवेशाच्या फीला ६,०००, तिसरीला शेळ्यांना १०,०००. बेरीज ३१,०००. कुणाची गरज मोठी यावर वाद घातला तर संध्याकाळ जाईल. तारखा विचारा. फी शुक्रवारच्या आत भरायचीय. बियाणं पेरणीआधी लागणार, पण खताचा दुसरा हप्ता महिनाभरानं चालतो. शेळ्या पुढच्या महिन्याच्या बाजारातही मिळतील. मग ६,००० फीला, १२,००० बियाण्याला, आणि पुढच्या महिन्याच्या जमेतून पहिला नंबर शेळ्यांचा. हे तिन्ही बाया आपणहून कबूल करतात, कारण हिशेब त्यांच्याच तोंडून निघालेला असतो.

कर्जासाठी हात वर करून मतदान घेऊ नका. हरलेली बाई पुढच्या बैठकीला येत नाही, आली तरी गप्प बसते. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे अख्खं गाव सर्वसहमतीनं निर्णय घेतं, मग पंधरा जणींना ते का जमू नये? एकीचा विरोध असेल तर तिला एवढंच विचारा, "काय बदललं तर चालेल?" रक्कम कमी, हप्ता मोठा, जामीनदार बाई, काहीतरी मार्ग निघतोच.

व्हॉट्सअ‍ॅपवर कर्ज ठरवायचं नाही. बऱ्याच घरांत फोन मुलाच्या किंवा नवऱ्याच्या हातात असतो. तिथं बैठकीची वेळ कळवा, बस.

उठण्याआधी सचिवांनी इतिवृत्त लिहून वाचून दाखवावं. वाचता न येणाऱ्या मावशींचा अंगठा त्यानंतरच घ्या. ज्यांची मागणी पुढं ढकलली त्यांचं नाव, रक्कम आणि कारणही त्यात लिहा. पुढच्या बैठकीत नव्या मागण्या घेण्याआधी तेच पान उघडायचं.