एमआरआयला जाताय? या चुका टाळा

आईला एमआरआयसाठी परळला नेलं तेव्हा मंगळसूत्र, पाटल्या, जोडवी सगळं माझ्या पिशवीत आलं होतं. तरी आतल्या ताईंनी विचारलं, "काकू, पिना?" आई ठामपणे नाही म्हणाली. गाऊन घालताना पाहिलं तर परकराच्या नाडीला तीन सेफ्टी पिना! "पिना म्हणजे काय दागिना आहे का?" हे वर.

दागिने सगळ्यांच्या लक्षात असतात. राहतात त्या पिना, केसातले आकडे, ब्राचे हुक, खिशातली चिल्लर. दंडावरचा ताईतही. फोन आणि बँकेची कार्डंही बाहेरच ठेवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक नातेवाईकांची असते: 'आत कोणी नाही, म्हणजे मशीन बंद असणार.' एमआरआय मशीन म्हणजे मोठा चुंबक; एक्स-रेसारखं बटण दाबलं की सुरू, असं त्याचं नसतं. तो रात्रंदिवस चालूच असतो. बऱ्याच मशीनची ताकद १.५ टेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) असते, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३० हजार पट. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्याच एका रुग्णालयात पेशंटसोबत ऑक्सिजन सिलिंडर घेऊन आत गेलेल्या नातेवाइकाचा जीव गेला. तेव्हा व्हीलचेअर असो की सिलिंडर, वॉर्डबॉय 'न्या हो' म्हणाला तरी एमआरआयवाल्यांना विचारल्याशिवाय दार ओलांडू नका.

फॉर्म भरताना 'जुनं आहे, काय सांगायचं' हेही नको. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानात बसवलेलं इम्प्लांट सगळं लिहा, कार्ड असेल तर न्या. लेथवर किंवा वेल्डिंगचं काम केलं असेल आणि कधी डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल, तर तेही सांगा.

आत साधारण २० ते ४५ मिनिटं जातात. ठकठक, घरघर एवढी, की शेजारी फ्लॅटचं काम काढलंय असं वाटावं. कानात बोळे मागून घ्या. घाबरायला होत असेल तर बोगद्यात शिरण्याआधीच डोळे मिटा, आत गेल्यावर उघडून बघू नका. हातात रबरी फुगा देतात, तो दाबला की माणूस येतो. स्पीकरवरून काही विचारलं तर मान हलवून उत्तर देऊ नका, तेवढ्यानेही चित्र धूसर होतं आणि तो भाग पुन्हा घ्यावा लागतो. लघवीला आधीच जाऊन या.

कॉन्ट्रास्टचं (चित्र जास्त स्पष्ट यावं म्हणून देतात ते) इंजेक्शन असेल तर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी नीट चालतेय का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट बहुधा मागतात. उपाशी यायचं का, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. बीपीची गोळी मात्र स्वतःच्या मनाने चुकवू नका. जुन्या फिल्म्स न्या.

बाहेर आल्यावर आईने आधी पिना मोजून घेतल्या, मग मंगळसूत्र मागितलं.