मोठी क्रूझर टेस्ट राइडला घेताय? या चुका टाळा

रविवारी सकाळी आठला पुण्यातल्या बाणेर रोडवर कुठलीही क्रूझर (बुटक्या सीटची, पाय पुढे ठेवून चालवायची लांब मोटरसायकल) आवडतेच. रस्ता मोकळा, हवा गार, इंजिन नुकतंच सुरू झालेलं. गाडी मागायचीच तर संध्याकाळी सातला मागा आणि गर्दीतल्या विद्यापीठ चौकाकडे वळवा. सेल्समन कुरकुरेल, कुरकुरू दे. रॉयल एनफिल्ड सुपर मीटिऑर ६५० चं ६४८ सीसीचं एअर-ऑइल कूल्ड (हवेनं आणि तेलानं थंड होणारं) इंजिन सिग्नलला पोटऱ्यांना किती झळ देतं आणि क्लच दाबून डावं मनगट कधी बोलायला लागतं, हे तिथंच कळतं.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते सीटच्या उंचीला. सुपर मीटिऑरची सीट ७४० मिमी. पाय आरामात टेकतात, आणि तिथंच मन विरघळतं. पण गाडी २४१ किलोची आहे. चालू गाडीत हे वजन जाणवत नाही, बंद गाडी ढकलताना जाणवतं. म्हणून चावी फिरवण्याआधी गाडी स्टँडवरून उचला, पाचेक फूट मागं न्या, हँडल पूर्ण वळवून परत लावा. कुणाची मदत घेऊ नका. सदाशिव पेठेतल्या बोळात किंवा सोसायटीच्या बेसमेंटच्या उतारावर तोंड खाली करून लावलेली गाडी तुम्हालाच एकट्याला मागं ओढायची आहे, आणि रिव्हर्स गिअर नाही. लावतानाच तोंड चढाकडे ठेवायची सवय लावा.

गाडी पडते ती बहुतेक वेळा वेगात नाही, यू-टर्नला. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला, की एवढं वजन पायानं सावरत नाही. हळू वळताना हाफ-क्लच, किंचित रेस आणि मागचा ब्रेक. नजर चाकावर नको, जिथं जायचंय तिथं. क्रूझरचा व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) लांब, वजन मागं, त्यामुळे मागचा ब्रेक इथं नुसता नावाला नसतो. वेगात मात्र दोन्ही ब्रेक एकत्र.

स्पीडब्रेकर मुद्दाम शोधा. पुण्यात शोधावे लागत नाहीत म्हणा! फुटरेस्ट पुढे असल्यानं नेहमीच्या मोटरसायकलसारखं पायांवर उठून दणका झेलता येत नाही, तो थेट कंबरेत जातो. मागचं सस्पेन्शन जेमतेम १०१ मिमी दबतं, ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा) १३५ मिमी. मागं बसणाऱ्या माणसाला सोबत न्या आणि एकदा दोघांनी तोच स्पीडब्रेकर ओलांडा. घरच्यांचा निकाल तिथंच लागतो.

गाडी सुरूच होत नसेल तर घाबरण्याआधी हँडलवरचा लाल किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) बघा. गिअर टाकताच बंद पडत असेल तर साइड स्टँड खाली राहिलाय. थांबल्यावर न्यूट्रल सापडत नसेल तर थांबण्याआधी, चाक फिरत असतानाच टाका. क्लच लीव्हर लांब वाटतो? सुपर मीटिऑरचे लीव्हर ॲडजस्ट होतात, शोरूममध्येच करून घ्या. वळणावर गाडी जड वाटली तर आधी टायरमधली हवा तपासायला सांगा. डेमो गाडीची हवा कोण बघतंय!

डेमो गाडी पडली तर खर्च कुणाचा, हे फॉर्मवर सही करण्याआधी वाचा.

आणि त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर याच कंपनीची धाकटी मीटिऑर ३५० चालवा. ती १९१ किलोची आहे. रोज डेक्कन ते हिंजवडी करणाऱ्यानं तर आधी तीच चालवावी, मोठी नंतर.