ज्यूसमधली साखर मोजताय? दोन्ही रीडिंगं सारखी आली तर आधी हे वाचा

बीएस्सीच्या प्रोजेक्टला ज्यूसचा विषय सोपा म्हणून घेतला जातो. बेळगावच्या खडेबाजारातून चार पॅकेटं आणायची आणि टायट्रेशन (ब्युरेटच्या नळीतून द्रावण सोडत रंग बदलेपर्यंत मोजणं) करायचं, एवढंच. टायट्रेशन सोपं आहेच, माणूस अडकतो तो हिशेबात.

रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो ते पाहणारं उपकरण) दाखवतं ते ब्रिक्स म्हणजे साखर नव्हे. त्यात आम्लं, क्षार, विरघळलेलं सगळंच धरलं जातं. अंदाजाला ठीक, पण रिपोर्टात ते 'साखर' म्हणून लिहिणारे आळशी.

आता सापळा. आंब्याचं पेय १० मिली घेऊन ५०० पर्यंत नेलं, म्हणजे ५० पट. फेहलिंग (साखरेशी क्रिया करणारं तांब्याचं द्रावण) ए आणि बी प्रत्येकी ५ मिली, फॅक्टर, म्हणजे एवढं फेहलिंग संपवणारी साखर, ०.०५२ ग्रॅम धरू. ब्युरेट ४० मिलीला थांबलं, तर रिड्यूसिंग साखर (ग्लुकोज-फ्रुक्टोज, फेहलिंगशी थेट क्रिया करणारी) १०० मिलीत ६.५ ग्रॅम. मग सुक्रोज फोडून तेही मोजता यावं म्हणून त्याच द्रावणाचे ५० मिली घेऊन ५ मिली तीव्र हायड्रोक्लोरिक घालायचं, रात्रभर ठेवायचं, कॉस्टिक सोड्यानं उदासीन करून १०० मिली करायचं. परत ४० मिलीच आलं. लगेच वहीत पडतं: एकूण साखर ६.५, सुक्रोज शून्य.

चूक! ५० चे १०० केलेत, म्हणजे आता १०० पट. एकूण साखर १३, सुक्रोज (१३ − ६.५) × ०.९५, म्हणजे ६.२ ग्रॅम. ही चूक पचते, कारण आंबट ज्यूसमध्ये साठवणीत सुक्रोज खरोखरच फुटत असतं. 'सगळं फुटलं असेल' असं कारण आयतं सापडतं. म्हणून बाटलीवर चिकटपट्टी लावून '१०० पट' लिहा. सीनियरची तयार एक्सेल शीट घेऊ नका, तिच्यात कुणाचं पातळीकरण बसलंय देव जाणे. फॅक्टरही इन्व्हर्ट साखरेच्या (फोडलेल्या सुक्रोजच्या) स्टँडर्डवर स्वतःच काढा. आणि 'लेबलशी जुळवून आण' म्हणणारा गाईड मिळाला, तर मान डोलवा पण वहीत खरं रीडिंग लिहा.

कॉस्टिक थंड पाण्यात फ्लास्क धरून, थेंबाथेंबानं घाला. जास्त झालं की फ्रुक्टोज बिघडून द्रावण पिवळं पडतं. टायट्रेशनमध्ये उकळी मोडू देऊ नका. हवा शिरली की मेथिलीन ब्लूचा निळा रंग परतून येतो. पहिलं टायट्रेशन ढोबळच येतं, घाबरू नका. दुसऱ्या वेळी एक मिली सोडून बाकी सगळं आधीच ओता, दोन मिनिटं उकळा, इंडिकेटर घाला आणि पुढच्या मिनिटात संपवा.

खनिजांसाठी नमुना वेगळा काढा. साखरेसाठी लेड ॲसिटेट आणि पोटॅशियम ऑक्झलेटनं निवळवलेलं द्रावण फ्लेम फोटोमीटरला (ज्योतीच्या प्रकाशावरून सोडियम-पोटॅशियम मोजणाऱ्या यंत्राला) लावलं, तर पोटॅशियम ज्यूसचं नाही, तुमच्याच बाटलीतलं मोजाल; शिवाय कॅल्शियम ऑक्झलेट होऊन तळाशी बसेल. शुद्ध संत्र्याच्या रसात लिटरला दीड-दोन हजार मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, म्हणून २०० पट पातळ करा. गाळूनच लावा, नाहीतर गरानं नळी तुंबते. स्टँडर्डला १.९०७ ग्रॅम वाळवलेलं पोटॅशियम क्लोराईड लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात, म्हणजे १००० पीपीएम. ठेवायचं प्लास्टिकच्या बाटलीत. पाकिटावर घातलेल्या पदार्थांच्या नंबरांत २११ (सोडियम बेंझोएट) किंवा ३३१ (सोडियम सायट्रेट) दिसलं तर सोडियमचा काही भाग फळाचा नाही. २०२ (पोटॅशियम सॉर्बेट) असेल तर पोटॅशियमचंही तेच.

कॅल्शियम ईडीटीएच्या (कॅल्शियम पकडणारं रसायन) टायट्रेशननं करणार असाल तर रंगीत ज्यूस थेट नको, शेवट दिसत नाही. आधी हॉट प्लेटवर कोळसा करा (फेसाळतं, मूस मोठी घ्या), मग ५२५ अंशांवर राख. खानापूर-निपाणीकडे वीज मध्येच गेली आणि राखेत काळे ठिपके राहिले, तरी नमुना फेकू नका: थंड करा, नायट्रिकचे दोन थेंब टाका, वाळवा, परत भट्टीत ठेवा.