पोलीस आणि त्याच्या कुत्र्याची तपासकथा लिहायचीय? आधी उन्हाचं बघा

बऱ्याच कथांमध्ये कुत्रा भर दुपारी वास घेतो, सुसाट पळतो आणि सरळ चोराची पँट धरतो, झाली केस. असं लिहू नका भो. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या पुढं जातो, जमीन तापली की वास उडतो आणि कुत्रा धापा टाकायला लागला की तोंडानं श्वास घेतो, मग नाक काय काम करणार? गुन्हा पहाटे उघडकीला आणा.

हिरो फौजदार नको, श्वान पथकातला हँडलर हवालदार घ्या, कारण खाऊ घालणं, फिरवणं सगळं तोच करतो, इमानदारी वेगळी सांगावी लागत नाही. कुत्र्याला कामही एकच द्या. मुंबईत १९९३ ला गाजलेला पोलिसांचा कुत्रा झंजीर स्फोटकं शोधायचा, तुमचा माग काढणारा आहे.

गुन्हा इथल्या मातीतला पाहिजे. आमच्या जळगाव जिल्ह्यात यावल-रावेरकडं रात्रीतून कुणाच्या तरी केळीचे घड कापून टाकतात, वर्षभराचं पीक जमिनीवर आणि शेतकरी बांधावर डोकं धरून बसलेला, मला तर हे खुनापेक्षा जास्त लागतं. बागेत ठिबकची ओल, सावली, म्हणून माग टिकतो. कुत्रा हुंगत निघतो, पाटचारीपाशी, म्हणजे पाटाच्या पाण्याच्या चारीपाशी, अडतो, गोल गोल फिरतो, हवालदार दोरी सैल सोडून गप्प उभा राहतो, ओढत नाही. या जागेला दोन पानं द्या, घाई नको. मग पलीकडं माग लागतो आणि कुत्रा एका अंगणात जाऊन भुंकतो.

पण तेवढ्यावर आरोपी ठरवू नका. कुत्र्याची उलटतपासणी घेता येत नाही, सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात १९६९ साली हे सांगितलंय. पुरावा हवालदारालाच शोधू द्या. अंगणात दोरीवर धुतलेला शर्ट, बाहीवर तपकिरी डाग, केळीचा चीक धुवून जात नाही हे इथल्या लहान पोरालाही माहीत असतं. शर्टवाला म्हणेल मी पण केळीवालाच, म्हणून त्याच्या शेतात कपाशी दाखवा.

आणि यावलच्या माणसाच्या तोंडी अहिराणी घालू नका, ती धुळे-अमळनेरकडची, इथं लेवा बोली.

शेवटी पंचनामा चालू असताना हवालदार बाजूला बसून कुत्र्याचा पंजा मांडीवर घेतो, बाभळीचा काटा काढतो, कुत्रा पाय ओढून घेत नाही.