पोच मिळाल्याशिवाय फोन पिशवीत टाकू नका

न्यू जर्सीत पोराला लिटल लीगमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये, घातलं की पहिल्याच मीटिंगला एक कागद फिरतो. कोच कोण होणार, मैदानाची देखभाल कोण बघणार, स्टॉलवर हॉटडॉग कोण विकणार, स्कोअर कोण ठेवणार. आपण मराठी आईबाप हमखास शेवटच्या रकान्यात नाव टाकतो. धावायचं नाही, ओरडायचं नाही, आणि आकडे तर आपल्याला येतातच! मीही असंच टाकलं होतं. तीन सीझन झाले त्याला. आता नवीन आलेल्या आया मला फोन करून विचारतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे.

वहीत मैदानावरच्या प्रत्येक जागेला नंबर असतो: पिचर (चेंडू फेकणारा) म्हणजे १, कॅचर २, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला) ६, चेंडू शॉर्टस्टॉपने उचलून पहिल्या बेसला फेकला तर ६-३, एवढं तुम्हाला येतं असं धरून चालते. येत नसेल तर दोन संध्याकाळी पुरतात, त्याचा बाऊ करू नका. आणि 'मला फक्त क्रिकेट कळतं' ही लाज तर अजिबात नको. बेसबॉलचा स्कोअर लिहायची पद्धत ज्याने रुळवली तो हेन्री चॅडविक इंग्लंडात जन्मलेला आणि आधी क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा. स्ट्राइकआऊटला (तीन स्ट्राइकवर बॅटर आऊट) 'के' लिहायची सवयही त्याचीच. तेव्हा आपण काही उपरे नाही.

पण एका बाबतीत क्रिकेटवाले आपण इथे आलो की मार खातो, आणि मी तो सणसणीत खाल्लाय.

माझे बाबा मुंबईतल्या कांगा लीगचे क्रिकेट सामने लिहायचे. भर पावसाळ्यातली लीग, मैदानावर चिखल, तंबूत प्लास्टिकखाली वही. दोन्ही संघांचे स्कोअरर शेजारी शेजारी बसायचे. ओव्हर संपली की एकाने आकडा म्हणायचा, दुसऱ्याने 'हो' म्हणायचं. अंपायरने चौकाराची खूण केली की स्कोअररने हात वर करून पोच द्यायची, आणि ती मिळेपर्यंत अंपायरने पुढचा चेंडू टाकू द्यायचा नाही. ही कुणाची हौस नव्हे, क्रिकेटच्या नियमांत लिहिलेलं आहे. लहानपणी मला हे हात वर करणं फार विनोदी वाटायचं.

इथे तसं काही नाही. दोन टीम, दोन डगआऊट, दोन फोन. समोरची बाई तिच्या फोनवर स्कोअरच्या अॅपमध्ये लिहिते, तुम्ही तुमच्या. आजी-आजोबा तिसऱ्याच गावात बसून लाइव्ह बघतात. सगळ्यांना वाटतं सगळं सगळ्यांकडे पोचतंय.

तर तो शनिवार. आमची टीम ९-१० वर्षांच्या पोरांची, सामना घरच्या मैदानावर. हे मैदान झाडीच्या मागे खोलगट भागात आहे, फोनला एक काडी येते, जाते. पहिल्या तीन इनिंग मी लिहिल्या. मग मुलीला मराठी शाळेत सोडायचं होतं, म्हणून टीममधल्याच एका मुलाच्या बाबांना म्हटलं, 'तुमच्या फोनवर हाच सामना उघडा आणि पुढे चालवा, आपोआप सिंक होतं.' हे 'आपोआप' मला आदल्या वर्षीच्या एका अनुभवी स्कोअरकीपरने शिकवलं होतं. (अनुभवी माणसांबद्दल माझं एक मत झालंय, ते पुढे सांगते.) फोन पिशवीत टाकला आणि निघाले.

झालं असं की, माझ्या फोनला तिसऱ्या इनिंगभर नेट नव्हतंच. अॅपने ती इनिंग फोनमध्येच धरून ठेवली, सर्व्हरवर दोनच गेल्या होत्या. त्या बाबांनी उघडलं तर त्यांना दिसली तिसरी इनिंग, शून्य आऊट. ते शेजारच्याला म्हणाले, 'अरे, चौथी ना?' आणि त्यांनी हातानेच इनिंग बदलून चौथी केली, धावा ५-३ टाकल्या. फळ्यावरही ५-३. कुणाला संशय यायचं कारणच नव्हतं. ही गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण फसतो तो इथेच: धावा बरोबर होत्या. हरवले होते ते पिच, म्हणजे पिचरने टाकलेले चेंडू.

आता पिच एवढे का महत्त्वाचे, ते थोडं लांबण लावून सांगते. लिटल लीगने २००७ पासून पोरांच्या खांद्या-कोपरांसाठी पिच मोजायचा नियम आणला, त्याआधी इनिंग मोजायचे. ९-१० वयाला दिवसाला ७५ पिच, ११-१२ ला ८५. आणि त्यावर विश्रांती. २० पर्यंत टाकले तर विश्रांतीची गरज नाही, २१ ते ३५ ला एक दिवस, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, ६६ आणि वर गेलं की चार. म्हणजे एक्कावन्नावा पिच पडला की आख्खा आठवडा बदलतो. सगळे कोच त्या पन्नाशीच्या कडेवर डोळा ठेवून असतात. आमचा कोचही होता. चौथी संपल्यावर त्याने विचारलं, 'किती?' माझ्या जागी बसलेल्या त्या बाबांनी फोन बघून सांगितलं, '४७.' कोच खूश. पोराला काढलं, मंगळवारी परत वापरता येईल म्हणून. तिसऱ्या इनिंगचे २१ पिच माझ्या पिशवीत, मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये.

खरा आकडा ६८. शनिवारी ६८ म्हणजे रविवार ते बुधवार चार दिवस हाताला आराम द्यायचा, गुरुवारी उतरायचं. तो मंगळवारी उतरला.

आणि अजून एक. घरी वायफाय लागल्यावर माझा फोन जागा झाला आणि त्याने विचारलं, या सामन्याच्या दोन प्रती आहेत, कुठली ठेवू? मी भाजी परतत होते. नंतरची तीच पूर्ण असणार, म्हणून नंतरची ठेवली. एका बोटाने तिसरी इनिंग कायमची पुसली. तो प्रश्न समोर आला की गॅस बंद करा, खुर्चीत बसा, दोन्ही प्रतींचे फोटो काढा आणि मगच बोट लावा. अशा वेळी 'नवीन' म्हणजे 'पूर्ण' नसतं. दोन्ही अर्ध्या असू शकतात.

मंगळवारी दुसऱ्या इनिंगला शनिवारच्या विरुद्ध टीमची स्कोअरकीपर शेजारच्या मैदानावरून सहज डोकावली. तिच्याकडे कागदाची वही होती. तिने आमच्या पिचरकडे बघितलं, वही चाळली आणि जाळीपाशी येऊन मला हळूच म्हणाली, 'शनिवारी याने ६८ टाकले होते ना?' तिने आरडाओरडा केला नाही, पण समोरच्या मॅनेजरने ऐकलंच. तक्रार झाली, सामना गेला. सामन्याचं काही नाही. त्या पोराचे बाबा माझ्यासमोर उभे राहून नुसतं 'सिक्स्टी-एट?' एवढंच म्हणाले. पोराच्या हाताला काही झालं नाही, देवाची कृपा. पण ते 'सिक्स्टी-एट?' मला अजून ऐकू येतं.

आता तुम्ही म्हणाल, शनिवारचा पिचचा कागद दोन्ही मॅनेजर सही करतात की. करतात. न वाचता.

तर लिहिणाऱ्याची बदली करायची कशी? मी आता जे करते ते सांगते. मला कटकटी म्हणतात, म्हणू देत.

पहिलं म्हणजे लिहिणारा फोन एका वेळी एकच. बाकी सगळे बघे. 'दोघंही लिहू, कुणाचं तरी बरोबर येईल' हा शॉर्टकट नाही, खड्डा आहे. बदली इनिंग संपल्यावरच, मध्ये कधीच नाही. बदलीआधी माझ्या फोनवर सगळं वर गेल्याची खूण दिसलीच पाहिजे. नसेल तर दुसऱ्याच्या फोनचा हॉटस्पॉट घ्यायचा, नाहीतर पार्किंगच्या चढावर पळत जाऊन यायचं. तेही जमत नसेल तर फोन बदलायचा नाही, माणूस बदलायचा: माझाच फोन त्याच्या हातात देऊन जायचं. पासवर्डसकट. हो, मी दिलाय. घरचे व्हॉट्सॅप त्याने वाचले तर वाचले.

मग पोच. आणि ती काम सोपवणाऱ्याने नाही, काम घेणाऱ्याने द्यायची. 'आलं का?' 'आलं' याला पोच म्हणत नाहीत, ती नुसती सभ्यता झाली. घेणाऱ्याने स्वतःच्या पडद्यावरून चार गोष्टी मोठ्याने वाचायच्या: इनिंग कुठली, धावा किती, दोन्ही पिचरचे पिच किती, पुढचा बॅटर कितव्या नंबरचा. मी माझ्या फोनवर बघत ऐकते. चारही जुळले की हात वर करते, माझ्या बाबांसारखा. अंपायर एकदा गोंधळून बघत होता, त्याला वाटलं मला टाइमआऊट हवाय. त्यानंतरच माझ्या फोनवरून लिहिणं बंद. त्या शनिवारी हे केलं असतं तर त्या बाबांनी 'तिसरी' असं वाचलं असतं आणि तिथेच सापडलं असतं. पंधरा सेकंदांचं काम होतं.

कागदाचं कार्डही ठेवा. अॅप कितीही गोड असो. पिचर बदलला की नवी ओळ, चार काड्या उभ्या, पाचवी आडवी. इथे नवखे एक चूक करतात: दोन स्ट्राइक झाल्यावरचा फाऊल (रेषेबाहेर गेलेला फटका). फळ्यावर काउंट (बॉल-स्ट्राइकचा आकडा) हलत नाही, म्हणून काडी मारायची राहते. पण हाताने चेंडू फेकलाय ना, मग पिच झाला. एखादा चिवट पोरगा सात-सात फाऊल मारतो, आणि दोन वह्यांतला फरक बहुतेकदा अशा बॅटरपाशीच सापडतो. प्रत्येक इनिंगनंतर समोरच्या स्कोअरकीपरशी आकडा जुळवा. लांब असेल तर चालत जा. ओळख होते, आणि मंगळवारी जाळीपाशी कोण येईल सांगता येत नाही.

सामना संपल्यावर ताळा. हा बेसबॉलमध्ये फार सुंदर आहे आणि अॅपवाल्या पिढीला माहीतच नाही. एका टीमचे जेवढे बॅटर आले (अधिकृत ॲट-बॅट, वॉक म्हणजे चार बॉलवर मिळालेला बेस, अंगाला लागून मिळालेला बेस, सॅक्रिफाइस, अडथळ्यामुळे मिळालेला बेस, सगळे धरून), ते बरोबर असायला हवेत तीन गोष्टींच्या बेरजेइतके: त्यांच्या धावा, बेसवर अडकून राहिलेले आणि समोरच्यांनी केलेले आऊट. आलेला प्रत्येक जण या तीनपैकी कुठेतरी जातोच, हवेत विरत नाही. पण आमच्या शनिवारसाठी एवढंही लागलं नसतं. सहा इनिंगचे, दर इनिंगला तीन धरून, आऊट अठरा. आमच्या पानावर पाहुण्यांचे होते पंधरा. मी ते पान तीन वेळा बघितलं, धावा बघितल्या, पोराची कॅच आली का बघितलं (आमचे चिरंजीव राइट फील्डला, गवत मोजायला, तरी एक आली होती), आणि बंद केलं.

बाकी बारीकसारीक भराभर सांगते. खेळाडूंची यादी सीझनआधी एकाच फोनवर बनवा आणि तीच सगळ्यांना द्या. प्रत्येकाने आपापली टाइप केली तर एकच पोरगा एकदा पूर्ण नावाने आणि एकदा लाडाच्या नावाने दोन खेळाडू होतो, आणि त्याचे पिच दोघांत वाटले जातात. फाइल पाठवताना एअरड्रॉप नेटशिवाय चालतं, पण खात्री आयफोन ते आयफोनचीच. समोर अँड्रॉइडवाला असेल तर हे आधीच ठरवून ठेवा, डगआऊटमध्ये नको. एप्रिलच्या थंडीत बॅटरी बघता बघता उतरते, जुलैत फोन तापून बंद पडतो. पॉवर बँक आणि सावली दोन्ही हवं. आणि आकडे एक्सेलमध्ये उघडणार असाल तर तो रकाना आधी 'टेक्स्ट' करा. नाहीतर ६-३ ची होते ३ जून, आणि सुरेख ६-४-३ डबल प्ले (एका फटक्यात दोन आऊट) ४ जून २००३ होऊन बसतो. मी अर्धा तास शोधत होते की २००३ मध्ये आमच्याकडे कोण खेळत होतं.

आता ते अनुभवी माणसांबद्दलचं मत. 'काही होत नाही, मी पाच वर्षं करतोय' म्हणणाऱ्याच्या शेजारी बसू नका. त्याला काही झालेलं नाही, म्हणूनच त्याच्याकडे शिकवण्यासारखंही काही नाही. कागदाची वही घेऊन येणारी, खोडरबर कानामागे खोचणारी एखादी म्हातारी प्रत्येक लीगमध्ये असते. तिच्याजवळ बसा. ती बोलणार नाही फारसं, पण ती प्रत्येक इनिंगनंतर काय करते ते बघा.

आणि घाबरू नका हो. एवढं वाचून रकान्यातून नाव खोडायला धावाल, तसं करू नका. पहिल्या चार सामन्यांत तुम्ही हिट आणि एररमध्ये गोंधळाल, एखाद्या आईचा राग ओढवून घ्याल, एकदा चुकून अख्खी इनिंग उलट्या टीमच्या नावावर लिहाल. सगळं दुरुस्त होतं. पिच तेवढे जपा.

तो पोरगा त्या मंगळवारनंतर पूर्ण विश्रांती घेऊन, वर जादा दिवस काढून, रविवारी उतरला. त्याचे बाबा माझ्या खुर्चीमागे उभे होते. अजूनही असतात. इनिंग संपली की कोचच्या आधी तेच विचारतात, 'किती?' मी फोन बाजूला ठेवते आणि कार्ड दाखवते. ते काड्या स्वतः मोजतात.