जर्नलचं नाव बदललं की नोंदींचं काय करायचं?

नियतकालिक विभागात नवीन माणूस रुजू झाला की एक प्रसंग लवकरच येतो. अंक हातात येतो, मुखपृष्ठावरचं नाव जरा वेगळं दिसतं आणि सिस्टीममध्ये त्या नावाची वर्गणीच सापडत नाही. हात शिवशिवतात ते जुन्या नोंदीतलं नाव खोडून नवं टाकायला. तेवढं मात्र करू नका. 'द ब्रिटिश जर्नल ऑफ सायकायट्री' या नावाने आज ओळखलं जाणारं जर्नल १८५३ साली 'असायलम जर्नल' म्हणून सुरू झालं, पुढे शंभरेक वर्षं 'जर्नल ऑफ मेंटल सायन्स' या नावाने निघालं आणि सध्याचं नाव त्याला १९६३ साली मिळालं. १९३०चा संदर्भ घेऊन आलेला वाचक 'मेंटल सायन्स' हेच शोधणार. ते नाव तुम्ही पुसलंत, तर खंड कपाटात असूनही त्याला तो मिळणार नाही.

पहिला निर्णय असा: बदल मोठा की किरकोळ? मोठा असेल तर नवा आयएसएसएन (नियतकालिकाला मिळणारा ओळखक्रमांक) आणि कॅटलॉगमध्ये नवी नोंद. किरकोळ असेल तर जुनीच नोंद ठेवून नव्या रूपासाठी मार्क साच्यातल्या (कॅटलॉगच्या नोंदी संगणकात ठेवण्याची ठरलेली रचना) २४६ या फील्डमध्ये पर्यायी नाव द्यायचं. कसोटी पहिल्या पाच शब्दांची आहे; सुरुवातीचं 'द' किंवा 'अ' मोजायचं नाही. या पाचांत शब्द वाढला, गळला किंवा क्रम बदलला तर बदल सहसा मोठा. समजा, 'जर्नल ऑफ सॉइल रिसर्च'चं 'जर्नल ऑफ सॉइल अँड वॉटर रिसर्च' झालं, तर तो मोठा. पाचव्या शब्दानंतरचा बदल विषयाचा आवाका बदलत असेल तरच मोठा. नावात एखाद्या संस्थेचं नाव असेल आणि ती संस्थाच बदलली, तरीही मोठा. याउलट 'अँड'च्या जागी चिन्ह आलं, शुद्धलेखन बदललं, पूर्ण नावाऐवजी आद्याक्षरं आली किंवा 'मॅगझिन'सारखा प्रकारदर्शक शब्द गळला, तर किरकोळ. शंका उरली तर किरकोळच धरा, नियमही तेच सांगतो. आणि निर्णय मुखपृष्ठावरच्या चित्रमय अक्षरांवरून घेऊ नका. डिझायनरने एखादा शब्द बारीक केला म्हणजे नाव बदललं असं होत नाही, त्यामुळे आतलं शीर्षकपान आणि प्रकाशनतपशील आधी पाहा.

मोठा बदल ठरला की जुनी नोंद शेवटच्या अंकाचा खंड, क्रमांक आणि वर्ष टाकून बंद करायची. तिच्यात ७८५ या फील्डमध्ये पुढचं नाव, नव्या नोंदीत ७८० या फील्डमध्ये मागचं नाव, आणि दोन्हीकडे आयएसएसएन. जोडणी एकतर्फी राहणं ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक. या फील्डांचा दुसरा निर्देशांकही (फील्डच्या क्रमांकापुढच्या दोन खुणांपैकी दुसरी, ती नात्याचा प्रकार सांगते) नीट बघा: साधं सातत्य असेल तर दोन्हीकडे ०, एका जर्नलची दोन झाली तर जुन्याच्या ७८५ ला ६, दोन मिळून एक झालं तर नव्याच्या ७८० ला ४.

कॅटलॉग झाला म्हणजे काम झालं असं नाही. खरी गळती वर्गणीच्या नोंदीत होते. जुन्या नावाखाली अपेक्षित अंकांचं वेळापत्रक चालूच राहतं, सिस्टीम 'अंक आला नाही' अशा तक्रारी काढते आणि पुरवठादार 'प्रकाशन बंद' असं उत्तर देतो. तेवढ्यावर कुणीतरी वर्गणी रद्द करून टाकतं. म्हणून वेळापत्रक त्याच दिवशी थांबवा आणि वर्गणी नव्या नोंदीला जोडा. खंडाच्या मध्येच नाव बदललं असेल तर बाइंडिंगला देण्याआधी अंक वेगळे करा.

ऑनलाइन बाजूला गोंधळ बहुधा प्रकाशकाकडून येतो. सगळे जुने अंक नव्या नावाखाली आणि नव्या आयएसएसएनखाली लावले जातात, मग जुन्या आयएसएसएनवरून येणारा लिंक रिझॉल्व्हर (संदर्भावरून पूर्ण मजकुरापर्यंत नेणारी प्रणाली) रिकाम्या हाताने परततो. नायसो या अमेरिकी माहिती-मानक संस्थेच्या २०१३च्या पाय-जे शिफारशी (ई-जर्नलं कशी मांडावीत याबद्दलच्या) सांगतात की लेख ज्या नावाखाली छापला गेला, त्याच नावाखाली दिसावा. केबार्ट यादीतही (प्रकाशक आपल्या ई-जर्नलांची माहिती ज्या ठरलेल्या साच्यात देतात ती) दोन नावांच्या दोन ओळी हव्यात, प्रत्येकीला आपापल्या तारखा, आणि नव्या नावाच्या ओळीत आधीच्या शीर्षकाचा आयडी.

प्रकाशकाच्या बाजूने काम करणाऱ्यांनी नाव वर्षाच्या पहिल्या अंकापासून बदलावं, अधेमधे नको. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीला वेगवेगळा आयएसएसएन लागतो, म्हणून अर्ज दोन्हींसाठी आणि अंक निघण्याआधी. खंड क्रमांक पुढे न्या किंवा एकपासून सुरू करा, पण ठरलं ते आधी जाहीर करा. जुन्या लेखांचे डीओआय (लेखाला ऑनलाइन मिळणारा कायमचा ओळखक्रमांक) बदलायचे नाहीत, त्यात जुन्या नावाची आद्याक्षरं दिसली तरी. डीओआय ही खूण आहे, नाव नव्हे. संपादक मंडळाला इम्पॅक्ट फॅक्टरबद्दलही (जर्नलमधल्या लेखांचा इतरांनी सरासरी किती वेळा संदर्भ दिला याचं माप) आधीच सांगा. तो मागच्या दोन वर्षांच्या लेखांवर काढतात, त्यामुळे सुरुवातीला नव्या नावाकडे मोजण्यासारखं फारसं काही नसतं. नाव 'अधिक आकर्षक' करण्याचा उत्साह इथे बऱ्यापैकी ओसरतो.

शेवटी चाचणी. तीन लेख घ्या: जुन्या नावाच्या शेवटच्या अंकातला, नव्याच्या पहिल्या अंकातला आणि वीसेक वर्षं जुना. प्रत्येक लेख छापताना जे नाव आणि जो आयएसएसएन होता त्यावरून शोधा, पूर्ण मजकूर उघडेपर्यंत जा. जिथे अडकाल तिथला स्क्रीनशॉट आणि दोन्ही आयएसएसएन एकाच पत्रात पुरवठादाराला पाठवा.